आडव्या ओळींच्या मॅडम

“आगं आडवं! आडवं भर की, उभी कुटं निघालीस?”

मॅडम अशा ओरडल्या, की अजिंक्यताऱ्यावर फिरायला गेलेली माणसं जागच्या जागी आडवी झाली. मी बघायला गेलो नव्हतो, पण झालीच असणार.

साताऱ्यात आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या, मी कॉम्प्युटर लॅब सांभाळायचो. एरवी बोलणं पुस्तकासारखं. आवाज चढला की आतलं तासगाव बाहेर पडायचं. ऑनलाइन कॅल्क्युलेटरमध्ये मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांचा तक्ता, भरायची, तर आकडे डावीकडून उजवीकडे, ओळ संपली की मगच खाली. एखादी चौकट रिकामी दिसली की म्हणायच्या, “शून्य लिहायला लाजतोस काय रं?” त्यांच्या धाकानं आमच्या लॅबमधल्या पालीसुद्धा भिंतीवर आडव्याच चालायच्या.

त्या दिवशी प्रॅक्टिकलची परीक्षा होती आणि खुर्चीत होती रेश्मा. तिचा एवढाच विषय मागं राहिलेला. पुण्यात नोकरी ठरलेली, पण हा सुटला तरच. कंपनीनं पुढं थांबणार नाही म्हणून कळवलेलं. पोरगी रोज सकाळी गावच्या डेअरीवर दुधाचे आकडे एक्सेलमध्ये भरायची, एंटर मारत वरून खाली. बोटांना तीच सवय. मॅट्रिक्सही तशीच भरली गेली. प्रश्नातली प्रत्येक आडवी ओळ उभ्या रकान्यात जाऊन बसली. मॅडमना दिसलं आणि त्या ओरडल्या, तोवर रेश्माचं उत्तर जमा करून झालेलं.

मग जो पट्टा सुटला! डोकं डेअरीवर ठेवून आलीस का इथपासून सगळं झालं. सांगलीहून आलेल्या परीक्षकांनी चहाचा कप उचललेला, तो ओठांपर्यंत गेलाच नाही. चहावर साय धरली. रेश्मा रडतही नव्हती. ते मात्र बघवत नव्हतं.

शेवटी मॅडमनी खुर्ची ओढली. प्रश्न वाचला. चष्मा पुसून परत वाचला. डिटरमिनंट विचारला होता, म्हणजे त्या सगळ्या आकड्यांतून निघणारी एकच संख्या. त्यांनी तीच मॅट्रिक्स आडवी भरली, बटण दाबलं. रेश्माचंच उत्तर आलं. आडव्याचं उभं केलं तरी ती संख्या हलत नाही, हे दरवर्षी मॅडम स्वतःच फळ्यावर लिहून द्यायच्या.

“बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. आवाज एकदम तळाला गेलेला. “पुण्याला जाताना स्वेटर घे. हापिसात एसी लय असतो म्हणं.”

आता मात्र रेश्मा अशी रडली, की मला कीबोर्ड गच्चीवर वाळत घालावा लागला.

मॅडम रिटायर होऊन हल्ली मिरजेला मुलीकडं असतात. लॅब इतकी शांत झालीय, की पोरं चुकतात ते कुणाला कळतही नाही.

परीक्षेच्या त्या संध्याकाळी कॉलेजच्या पार्किंगमध्ये गाडी काढताना मी त्यांना विचारलंच होतं. म्हटलं, मॅडम, हे आडव्या-उभ्याचं तर तुम्हाला झोपेतही पाठ. मग एवढं ओरडलात कशाला?

त्यांनी स्कूटरला किल्ली लावली.

“भ्याले होते,” म्हणाल्या.