शीतलचे बूट

इथले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा हसत वाचते. मी जपानमध्ये, तोयोसुच्या एका कंपनीत टेस्टिंगमध्ये आहे. कोणी काही अजब सांगितलं की माझं पहिलं वाक्य ठरलेलं — परत करून दाखव. माहेरीही अमावस्या-बिमावस्या कोणी पाळली नाही. त्यामुळे मी हे लिहायला बसलेय यावर माझ्या नवऱ्याचाच विश्वास बसत नाहीये. नावं बदलली आहेत, बाकी जसं झालं तसं.

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये आम्ही तिघी मैत्रिणी आठवडाभर हाकोदातेला गेलो होतो. हाकोदाते म्हणजे उत्तरेकडच्या होक्काइदो बेटाचं जुनं बंदर. समुद्राकाठी विटांची गोदामं, मधून ट्राम, आणि बंदरापासून डोंगरापर्यंत चढत जाणारे सरळ रस्ते. निमित्त वैदेहीताईंचं. त्यांच्या मिस्टरांचं बँकेचं पोस्टिंग संपत आलं होतं, ऑगस्टमध्ये ते कायमचे मुंबईला परतणार होते. दोन्ही मुलं आधीपासूनच तिथे कॉलेजात होती. आमच्या निशी-कसाईत नवीन आलेल्या कितीतरी जणींना कचरा वेगळा कसा करायचा इथपासून सगळं ताईंनी शिकवलंय, मलाही. तिसरी शीतल, जवळच्याच ओजिमाची. तिची ऋचा तेव्हा बालवाडीच्या शेवटच्या वर्षात होती. पोरीला सोडून शीतल पहिल्यांदाच बाहेर पडली होती आणि शिनकानसेन सुटायच्या आधीच तिचे नवऱ्याला दोन फोन झाले होते.

चढावरचं एक जुनं लाकडी घर आम्ही भाड्याने घेतलं होतं. मालक म्हातारे गृहस्थ, किल्ली देऊन गेले. दाराशी पायरीखाली बूट काढायची जागा. जपानी लोक तिथे काढलेले बूट वळवून ठेवतात, निघताना नुसते पाय घालता यावेत म्हणून तोंडं दाराकडे. आपलं कसलं काय... आपल्याकडे चार लोक जमले की चपलांचा ढीग. आम्हीही कसेबसे काढून आत पळालो, कारण ताईंनी मेतकूट आणलं होतं आणि भुका लागल्या होत्या.

सकाळी पाहिलं तर बूट ओळीत. माझे आणि ताईंचे दाराकडे तोंड करून नीट ठेवलेले. शीतलचे मात्र घराकडे तोंड करून.

"ताई, सुट्टीवर आलोय, आवरत काय बसता?" मी म्हटलं.

"मी कुठे हात लावला? मला वाटलं तू."

"आणि माझेच तेवढे राहिले का गं?" शीतल म्हणाली. आम्ही हसलो आणि मासळीबाजार बघायला गेलो. ताई शाकाहारी, त्या नाकाला रुमाल लावून खरबुजाच्या फोडी खात होत्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्या रात्री शीतलने आपले बूट स्वतः दाराकडे वळवून ठेवले. सकाळी आत वळलेले. मग तिने ते बुटांच्या कपाटात टाकले आणि कपाटाला खुर्ची लावली. सकाळी खुर्ची जागच्या जागी, आणि बूट बाहेर, घराकडे तोंड करून. दाराला आतून साखळी होती, ती तशीच. मी खिडक्या तपासल्या, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून ठेवला. रेकॉर्डिंगमध्ये उजाडेपर्यंत नुसता अंधार, आणि उजाडलं तेव्हा बूट वळलेलेच. परत करून दाखव म्हणणारी मी, आणि ते रोज करून दाखवलं जात होतं.

शेवटी मी मालकांना फोन केला. पहाटे तुमच्याकडून साफसफाईला कोणी येतं का, विचारलं. बुटांचंही सांगितलं. मग त्यांनी एकच विचारलं, "कोणाचे?"

मी म्हटलं, आमच्या मैत्रिणीचे. त्यांनी माफी मागितली आणि म्हणाले, हवं तर आजच निघा, पैसे परत करतो. का, ते काही केल्या सांगेनात. मी फोन ठेवला तेव्हा शीतल समोरच उभी होती. इतक्या वर्षांत तिचं जपानी माझ्याइतकंच चांगलं झालंय, त्यामुळे लपवायला काही उरलं नव्हतं.

मी बॅग भरायला घेतली, पण शीतल हलेना.

"मी नाही येत. ते बूट असे असताना मी बाहेर पडले तर... घरी पोचेन का मी? मुग्धा, माझी ऋचा सहा वर्षांची नाहीये अजून. ते वळू देत, मग निघते."

"वेडी आहेस का? अगं, बूट आहेत ते," मी चिडून म्हणाले. मी खूप घाबरले होते आणि घाबरले की मी चिडते. ताई मात्र शांत होत्या. तिच्याजवळ बसून त्यांनी तिच्या केसांना तेल लावलं आणि म्हणाल्या, "राहू आपण. तिकिटं उद्याचीच आहेत. आज रात्री मी दाराजवळच्या खोलीत झोपते."

निघायच्या सकाळी मी उठले तर ताईंचा चहा तयार होता. दाराशी गेले. माझे बूट दाराकडे, शीतलचेही दाराकडे. ताईंचे घराकडे.

"बघा," ताई हसून म्हणाल्या, "आलटून पालटून चाललंय त्याचं. उगाच जीव काढलात."

शीतल पायरीवर बसून रडायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की ताईंच्या बुटांबद्दल मी विचारसुद्धा केला नाही. ताईंनी ते सहज पायात चढवले आणि आम्ही उतार उतरून ट्राम पकडली.

जुलै संपताना एका दुपारी ताई स्वयंपाकघरात सामानाचे खोके भरता भरता कोसळल्या. मेंदूतली रक्तवाहिनी फुटली होती. डॉक्टर म्हणाले, असा दोष बरीच वर्षं आत असू शकतो, बाहेर काहीच कळत नाही. ऑगस्टच्या त्याच विमानाने ताईंचे मिस्टर एकटे गेले, मांडीवर अस्थींचा डबा घेऊन. विमानतळावर मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

डॉक्टरांचं म्हणणं मला पटतं. रक्तवाहिनी हाकोदातेला जायच्या आधीपासूनच तशी असणार. मग ते बूट कोण वळवत होतं आणि मालकांनी 'कोणाचे' का विचारलं? नंतर मी त्यांना फोन केला, तर तो नंबर बंद आहे. ते घरही आता भाड्याच्या साइटवर दिसत नाही.

इथवर असतं तर मी लिहिलं नसतं. या एप्रिलमध्ये ऋचा पहिलीत गेली. शाळेच्या समारंभाला मीही गेले होते. ऋचा दप्तर पाठीला लावून मैत्रिणींशी जपानीत बडबडत होती. तिच्याकडे बघत शीतल एकदम म्हणाली, "त्या शेवटच्या सकाळी मी जागी होते."

होक्काइदोला जूनमध्ये चारच्या आसपासच उजाडतं. बाहेर लख्ख होतं आणि शीतल अंथरुणात पडून होती. तिला दाराशी ताईंचा आवाज आला. मराठीत, अनोळखी वडीलधाऱ्या माणसाशी बोलावं तसा.

"म्हणाल्या, अहो, तिची पोर फार लहान आहे. माझे दोघे हाताशी आलेत. माझं चालेल." शीतलने आवाज खाली आणला. "मग जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाल्या — बरं."

मी विचारलं, "आणि तू?"

"मी पांघरूण डोक्यावरून घेतलं. मला सगळं कळलं होतं. मी उठून 'नको ताई' म्हणू शकले असते." तिने ऋचाला हात केला, ऋचानेही केला. "तू उठली असतीस, मुग्धा?"

माझा अर्णव आठ वर्षांचा आहे. मी तिला खरं तेच सांगितलं.

"नाही," मी म्हणाले.