मेणकापडाखाली

"मेणकापड अंथरलंय आई, बिनघोर ये. थेंब खाली जात न्हाई." होडीच्या केबिनमधून शेजारचे काका आजींना, म्हणजे त्यांच्या आईला, सांगत होते. बोलताना ते होडीला बैलासारखं थोपटतात आणि कुणाच्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

आजींना आता घाट उतरवत नाही, पण गंगेची अंघोळ हवीच असते. म्हणून काकांनी विष्णुपुरी धरणाच्या पाण्यातल्या आपल्या शिडाच्या होडीच्या केबिनमध्ये शॉवर बसवला. आमची गंगा म्हणजे गोदावरी; पंप तिचंच पाणी वर ओढतो. कॉलनीत सगळे त्यांना श्रावणबाळ म्हणतात.

आजींना धरायला मी जाते. काकांसमोर मी फारसं बोलत नाही. आज मी आधी आत शिरले, तर पायाखालची फळी दबली. मेणकापडाचा कोपरा उचलून पाहिला. शॉवरचं पाणी खाली मुरून लाकूड काळं पडलं होतं. लाकडाला बोट टेकवलं, ते आत गेलं.

काकांनीही पाहिलं. माझ्या हातातून त्यांनी कोपरा काढून घेतला, टाचेनं दाबून बसवला आणि हसून बाहेर हात पुढे केला. "ये आई. सागवान हाय, लई मजबूत."

आजींनी पाय उचलला. मी दारात आडवी झाले.

"आजी, मागं व्हा. खालची फळी सडलीय, आणि काकांना ते माहीत आहे."