पूजेचा कोळसा

रामटेकच्या वाटेवरचं शिळावर्तुळ, म्हणजे मोठ्या दगडांच्या रिंगणातलं प्राचीन दफन, आम्ही खोदत होतो. लोहयुगातल्या खापरांच्या थरात माझ्या विद्यार्थिनीला कोळसा सापडला. झाड मेलं की त्याच्यातला एक प्रकारचा कार्बन ठरावीक गतीने घटत जातो; उरलेला मोजून कोळशाचं वय काढतात. तिचा प्रबंध त्या वयासाठी थांबला होता. निकाल आला तो असा, की कोळसा कालपरवाचा.

माझा संशय सरळ तिच्यावर गेला. छावणीच्या चुलीतला कोळसा उचलून तिने फॉइलमध्ये गुंडाळला असेल, असं मला वाटलं. तिला काही विचारलं नाही. आचाऱ्याला मात्र आडून आडून विचारलं, पुड्यांवरचं अक्षर पडताळलं आणि विभागप्रमुखांच्या कानावरही घातलं. ती समोर आली की मी बोलता बोलता थांबायचो. तिला ते कळत होतं.

पुढे एका रविवारी, सक्करदऱ्याच्या घरी, बायकोने पूजेचं निर्माल्य आणि धूपाची राख माझ्या हातात दिली. म्हणाली, "कोणाच्या पायात नका येऊ देऊ जी, कुंडीत गाडा."

कुंडीतली माती उकरताना माझा हात थांबला. खोदाईच्या पहिल्या सकाळी मजुरांनी जागेची पूजा केली होती. माझी विद्यार्थिनी तेव्हा अजून बसमध्येच होती, छावणीवर पोचली नव्हती. गोवरीवर, लाकडाच्या निखाऱ्यांवर धूप जळाला. ते कोणाच्या पायदळी येऊ नये म्हणून मीच खोदाईसाठी आखून ठेवलेल्या चौकोनाच्या कोपऱ्यात हातभर खड्डा करून निखारे, फुलं सगळं पुरलं. काळ्या मातीत त्या खड्ड्याची कड नंतर दिसलीच नाही. तिचा कोळसा त्याच कोपऱ्यातला होता.

मी लगेच तिला फोन करून सगळं सांगितलं, प्रमुखांना काय बोललो तेही. ती म्हणाली,

"मले एकदा विचारलं काहून नाही, सर?"

मग तिने शांतपणे विचारलं, "आधीच्या खोदाईतलं निर्माल्य कुठे पुरलं होतं?"

प्रत्येक खोदाईत पूजा झाली होती. ताजा कोळसा थोडा जरी मिसळला तरी तारीख अलीकडे सरकते; पण आधीच्या कोळशांच्या तारखा आम्हाला हव्या तशा आल्या, म्हणून त्यांच्यावर कोणी शंका घेतली नाही. मी तर नाहीच.

सोमवारी आधी प्रमुखांकडे जाऊन तिच्यावरचा आळ मागे घेतला. मग माझ्या जुन्या नमुन्यांच्या पेट्या खाली काढल्या आणि तिलाच तपासायला बोलावलं.