बिनधुराची चूल आणि पावट्याचं बी

माझ्या हातून झालेली सगळ्यात मूर्ख गोष्ट सांगते. एका बाईच्या घरात शिरून मी तिची चूल पहारीनं उखडली, आणि वर तिलाच विचारलं, "आता बरं वाटतंय ना, मावशी?"

सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी पुण्यात एम. ए. करत होते. विषय, गरीब देशांचा विकास. गरीब देश कुठला, तर आपलाच. पण वर्गात तो असा शिकवला जाई, जणू सात समुद्रांपलीकडं आहे. परदेशातून एक पाहुणे प्राध्यापक आले होते. त्यांच्या योजनेतून खेड्यात बिनधुराच्या चुली बसवायच्या आणि बायकांच्या वागण्यात काय फरक पडतो ते टिपायचं, हा माझा प्रबंध. मला मिळाली पालीच्या पुढची, राजगडाच्या पायथ्याची एक वाडी. हातमागाची साडी, खांद्याला शबनम, आणि डोक्यात एवढी हवा की एसटीच्या टपावर बसवलं असतं तर उडालेच असते.

मावशी म्हणजे मी जिच्याकडं उतरले होते ती विधवा. तिचं भाताचं एक खाचर, आणि भात निघाला की त्याच ओलीवर पावटा. हिवाळाभर तेच कालवण.

वैशाखात मी पहार उचलली तेव्हा ती म्हणाली, "बाई, नवी बांदा की पडवीत. ही ऱ्हाऊ द्या. वर माळ्यावर पावट्याचं बी हाय."

"बियाचा आणि चुलीचा काय संबंध?"

"धूर लागतो त्याला."

मी हसले. चक्क हसले! धुरानं डोळे कसे जातात यावर भाषण ठोकलं आणि पहार घातली. नव्या चुलीचा धूर नळीतून थेट बाहेर. पाहुणे साहेब जीपमधून आले, त्यांनी फोटो काढला. त्यात मी चुलीशेजारी अशी उभी आहे, जणू वाघ मारलाय.

पावसाळा गेला. दिवाळीनंतर दुसरी प्रश्नावली घेऊन गेले, तर नळी फोडलेली आणि तीन दगडांची चूल पुन्हा मांडलेली. मी चिडून वही काढली. मावशीनं माळ्यावरची टोपली उतरवली आणि मूठभर पावटे माझ्या तळहातावर ठेवले. एकेका दाण्याला दोन-दोन भोकं. बोटांतून पीठ सांडलं. पावसाळाभर धूर लागला नाही, भुंग्यानं सगळं बी पोखरलं. पेरायला दाणा नव्हता. शेजारणींकडं मागायचीही सोय नव्हती; त्यांच्या चुलीही मीच उखडल्या होत्या.

हे सगळं मी प्रबंधात लिहिलं. तीन पानं. कॉलेजातल्या माझ्या मार्गदर्शक सरांनी त्यावर आडवी रेघ मारली.

"सर, तिचं रान पडीक राहिलंय."

"तुझा विषय चूल आहे. पावटा नाही."

आणि मी पानं काढली. आज सुनेनं आमटीत मीठ कमी घातलं तर घर डोक्यावर घेते. त्या दिवशी तोंडातून ब्र निघाला नाही. उलट त्या जागी झोकात लिहिलं, ग्रामीण स्त्रिया बदलाला विरोध करतात. विरोध! ती बाई मला एक शब्द उलटून बोलली नव्हती. अजून आठवलं की कानशिलं तापतात. सरांचा राग येतो, त्या जीपवाल्याचा येतो, पण सगळ्यात जास्त त्या शबनमवाल्या भवानीचा. समोर असती तर कानाखाली वाजवली असती.

शिमग्याच्या आधी तोंडी परीक्षा झाली. पहिला वर्ग मिळाला. पेढे घेऊन मी वाडीवर गेले, पण पुडा काही सोडवेना. ओसरीवर बसून सगळं सांगून टाकलं: पास झाले, बियाची पानं काढली, आणि तुम्ही नळी फोडली म्हणून तुमच्याविषयी काय लिहिलं तेही. मावशी तांदूळ पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"पास झालात न्हवं? बरं झालं. बसा, भाकर खाऊन जा. कालवण तेवढं मागू नका."