पदरातली कवळी

सरका गं जरा जवळ. अशा भिंतीला टेकून लांब काय बसलात? आणि हातातले मोबाइल ठेवा खाली. सिल्वासा म्हटलं की तुमचं आपलं ठरलेलं, "तिथे काय बघायचं, कारखाने नि धूर." गेलात का कधी? मीही हेच म्हणत होते, पण मी निदान जाऊन तरी आले. तेव्हा आता मुकाट्याने ऐका.

दोंडाईच्याला गाडीत बसले, उधन्याला गाडी बदलली आणि वापीला उतरले. तिथून पुढे रिक्षा. रिक्षावाला गुजरातीत बोलायला लागला, मी मराठीत उत्तर दिलं, मग तो हिंदीवर आला. दादरा मागे पडेपर्यंत आमची तिन्हींची खिचडी करून एकमेकांची नातवंडंसुद्धा मोजून झाली होती.

माझी भाची वंदना सिल्वासाजवळच्या सायली गावात राहते. नवरा-बायको दोघं सुताच्या कारखान्यात, ती पॅकिंगला. त्यांच्या चाळीत पाऊल टाकलं तर शेवभाजीचा वास. शेजारीण दारातूनच म्हणाली, "कोठून उनात, माय?" (कुठून आलात). एवढा प्रवास करून मी परत खानदेशातच पोचले की काय, असं वाटलं.

वंदनाच्या शेजारच्या टेबलावर कमली काम करते. वारल्यांची पोर, गोड, पण बोलायला फटकळ. तिची आई जिवलीबाई खानवेलच्या पुढे डोंगरातल्या एका पाड्यावर (छोट्या वस्तीवर) राहते. कारखान्याची सुट्टी बुधवारी. कमली म्हणाली, मावशीला कारखान्याच्या चिमण्याच दाखवून परत पाठवणार का, माझ्या घरी आणा. मी लगेच पिशवी भरली.

बसमध्ये मात्र पोरीचं लक्ष ठिकाणावर नव्हतं. विचारलं तेव्हा सांगितलं. पाड्याच्या वरच्या अंगाला जे जंगल आहे, त्यातून बायका रानभाज्या, कंद, मोहाची फुलं, वाळलेलं सरपण आणतात. गावदेवही तिथेच, झाडाखाली. वनखात्याने तिथे नवी रोपं लावली होती, ती बकऱ्यांनी खाऊन टाकली. म्हणून आता सगळ्या जंगलाला तारेचं कुंपण घालायचं घाटत होतं. पाड्याने ग्रामसभा घेऊन अर्ज केला होता, की हे रान आम्ही राखू, आमचा त्यावरचा हक्क लिहून द्या. आज रेंजर साहेब येणार होते, खांब कुठून रोवायचे ते ठरवायला. "वाट बंद झाली तर आई काय करेल?" कमली म्हणाली. "तिला माझ्यासारखं खोक्यांना पट्ट्या मारत बसता येणार आहे का?"

खानवेल सोडलं आणि रस्ताच बदलला. दोन्हीकडे साग नि बांबू, खाचरांत भातलावणी चाललेली, आणि वळणावळणावर डोंगरांच्या मधून धरणाचं पाणी दिसायचं. बस फाट्यावर थांबली. पुढे पायवाट. वंदना नि कमली पुढे, मी गुडघे सांभाळत मागे. चढावर गवतासारखी अरुंद, पोपटी पानं नुसती उसळलेली. ओळखलीच मी. कवळी (पावसाळ्यात उगवणारी रानभाजी). वंदनाने बाजारातून आणून एकदा खाऊ घातली होती. मनात म्हटलं, कुणाच्या घरी नुसते चिवड्याचे पुडे घेऊन कशाला जायचं? बसले खाली आणि पदर भरून उपटली.

पाड्यावर पोचले तर जिवलीबाईच्या अंगणात सगळा पाडा जमलेला. खाटेवर रेंजर साहेब बसलेले, वलसाडकडचे, मराठी बोलता बोलता गुजरातीत घसरणारे. बाजूला लोखंडी खांबांचा ढीग. मी आपली हसत हसत पुढे झाले आणि सगळ्यांसमोर जिवलीबाईपुढे पदर उलटा केला.

कमलीने कपाळाला हात लावला.

"काय केलंस गं बाय?" जिवलीबाई म्हणाली. रागावली नव्हती, पण आवाज असा, जसं लेकराने दुधाचं पातेलं लवंडावं. मग कळलं. भगताने (गावाच्या पुजाऱ्याने) नवी कवळी गावदेवाला दाखवल्याशिवाय पाड्यातलं कुणी ती तोडत नाही, खात नाही. यंदा अजून दाखवायची होती. घरात भाजीचं पान नसलं तरी सगळे थांबलेले, आणि पाहुणी आली ती पदर भरून.

मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुमचीच भाजी तुम्हाला आणली.

जिवलीबाईने त्यातलं एक रोप उचलून माझ्या नाकासमोर धरलं. खाली पांढरी मुळं लोंबत होती. "एवढीशी असताना वडली, की मुळासकट येते. मग पुढच्या साली काय खाशील, खांब?"

सगळं अंगण हसलं, रेंजर साहेबही. ते म्हणाले, "मावशी, जंगलातून उपटून आणलं म्हणून मी पकडायच्या आधी यांनीच पकडलं तुम्हाला." मग भगताने दंड सांगितला. कवळीचा मान (देवाला आधी दाखवण्याचा नियम) मोडणाऱ्याने गावदेवाला नारळ द्यायचा, पाहुणी असली तरी. माझ्या पिशवीत वंदनाने दिलेले चिवड्याचे पुडे होते, नारळ नव्हता. जिवलीबाई म्हणाली, पुढल्या वेळी आण, देव कुठे पळत नाय.

मला वाटलं, झालं, मिटलं. पण साहेब तेवढ्यावर सोडणारे नव्हते. त्यांनी हसू आवरलं आणि शांतपणे विचारलं, "कवळीला एवढा मान, मग माझ्या रोपांनी काय पाप केलं? सगळ्यात धष्टपुष्ट बकरी कोणाची, ते नाव घेऊन सांगू?"

आणि नेमकी त्याच वेळी घरामागे जिवलीबाईची बकरी ओरडली.

जिवलीबाई जरा ओशाळली. पण बाई पक्की. बाकीच्या बायकांकडे बघितलं, त्यांच्यात खालच्या आवाजात काहीतरी झालं, मग म्हणाली, "तुझ्या रोपांचा मान कुणी सांगितलाच नाय आमाला, साहेब. तू पाटी लावून गेलास. पाटी बकरी वाचते का? आता आमी सांगतो. रोप बकरीच्या तोंडाच्या वर जाईस्तोवर तिकडे बकरी नेणार नाय. नेली तर नारळ, मीबी देईन. पण आमची वाट तारेत बांधू नको."

साहेब खाटेवरून उठले आणि बायकांबरोबर वर गेले. मी अंगणातच बसले, गुडघ्यांनी दुसरं काही सुचू दिलं नाही. बऱ्याच वेळाने सगळे उतरले ते बोलत बोलतच. खांब तेवढे रोपांच्या तुकड्याभोवती रोवायचे, गावदेवाची वाट नि भाजीचं रान मोकळं. साहेबांनी एक मात्र स्पष्ट सांगितलं. हक्काचा निकाल वरच्यांच्या हातात आहे, मी फक्त आज बघितलं ते लिहीन. जिवलीबाई म्हणाली, "मग नीट लिव."

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं वरण आणि भाजलेल्या सुकटीची चटणी. मी आणलेल्या कवळीला कुणी शिवलं नाही. जिवलीबाईने ती मुळं वेचून घराच्या कुंपणापाशी परत मातीत लावली, आणि निघताना माझा हात धरून म्हणाली, "लवकर ये गं बाय. मान झाला की तुला पोटभर खायला घालीन."

घरी परतले, पण सवय लागली ती लागलीच. भाजीवाल्याकडे मेथीची जुडी उलटी करून मुळं बघते, तो मला वेडी समजतो. मला आधी वाटायचं, जंगल राखायचं म्हणजे माणसांना बाहेर काढून दार लावायचं. त्या अंगणात बघितलं की राखणारे दोन्हीकडे होते, एकमेकांना आपापला नियम सांगायचं तेवढं राहून गेलं होतं. वरचा कागद अजून आलेला नाही. कमली फोनवर सांगते, वाट मोकळी आहे, आणि बकरी दावणीला बांधलेली असते, रागाने सगळ्या पाड्याला शिव्या देते.

परवा तिचा पुन्हा फोन आला. कवळी देवाला दाखवून झाली. मी नारळ पिशवीत घालून ठेवलाय, पण एकटीने तो चढ चढवत नाही गं. तेव्हा चला माझ्याबरोबर, या आठवड्यातच. फक्त वाटेत काही उपटायला खाली वाकू नका, आणखी कशाकशाचा मान व्हायचा राहिला असेल ठाऊक नाही, नाहीतर नारळ वाढत जातील.