बाहेरची कडी

पुतणी सासरहून कुणाबरोबर तरी पळून गेली, असं गावात मीच सांगितलं. ते खोटं होतं. नगरकडच्या कर्जत तालुक्यातल्या आमच्या वस्तीवर तिच्यासाठी स्थळ घेऊन एक बाई आली, ती माझ्याच ओळखीने. भाऊ वारलेला, घरात थोरला मी. लग्नाचा खर्च मुलाकडचेच करणार म्हणाले आणि मी परराज्यातलं ते गावही न बघता होकार दिला. पुढे तिचा फोन लागेना. शोधायला जायचं सोडून मी ती गोष्ट रचली.

काही वर्षांनी पोलिसांनी तिला सोडवून आणलं. तेव्हापासून माझी नजर तिच्यावर. ती ओटीपोट धरून बसायची, पाठ कायम भिंतीला. काहीतरी रोग घेऊन आलीय, म्हणून मी तिचा पेला वेगळा ठेवायला लावला.

आमच्याकडे घरात कुणी झोपलेलं असलं आणि बाकीचे रानात निघाले, की दाराला बाहेरून कडी घालतात. नाहीतर कुत्री भाकरीच्या टोपलीत तोंड घालतात. एका दुपारी ती झोपलेली असताना मी तशीच कडी घातली. परतलो तर दारावर आतून ओरखडे, तिची नखं रक्ताळलेली आणि ती बेशुद्ध.

"नाटकं हायेत," मी म्हणालो.

मग घरातल्या कड्या नाहीशा व्हायला लागल्या. आधी मधल्या दाराची, मग न्हाणीची. ती कुणासाठी तरी वाट मोकळी करतेय, असं वाटून मी कडब्याच्या गंजीआड बसून राहू लागलो.

बायकोने तिथंच गाठलं. "तुमच्या संशयाला आता दारं बी पुरंनात व्हय?"

"कोन येतंय ते बघतोय."

"कुनी येत न्हाई. ती कड्या काढून हिरीत टाकती. स्क्रू काढायला पेचकस मीच दिलाय. हितं बसन्यापरीस तिला नगरला दवाखान्यात न्या."

नगरला नेलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी आधी तिला एकटीला विचारलं, मग तिच्या परवानगीने मला आत घेतलं. ओटीपोटात जुना संसर्ग, कधी औषध न मिळालेला. बरगडी मोडून तशीच वाकडी जुळलेली. "पेल्याने, शेजारी बसल्याने यातलं काही लागत नाही. पण बंद दाराची भीती जायला वेळ लागेल. त्यासाठी वेगळे डॉक्टर आहेत."

पुतणी माझ्याकडे न बघता म्हणाली, "तिथं भाईरून कडी असायची. ती वाजली की कुनीतरी आत यायचं."



सोनोग्राफीच्या खोलीचं दार लागताच ती उठून बाहेर आली. दुसऱ्यांदाही तसंच. तपासणी झाली नसती, तर उपचार अडले असते. डॉक्टरीणबाईंनी दार उघडं ठेवून पडदा ओढला.

"काका, तुमी दारात उभं ऱ्हावा. तिकडं तोंड करून. दार कुनाला लावू देऊ नका."

मी पाठ करून उभा राहिलो. थोड्या वेळाने पडद्यामागून आवाज आला, "काका, हात कुठायत? कडीवर न्हाईत न्हवं?"

"मागं बांधलेत, बाई."

"दाखवा."

मी दोन्ही हात पडद्यावरून तिला दिसतील असे वर केले.