ओल्या मातीतला अंगठा

वस्तादांची आठवण निघाली की आजही माझं डोकं फिरतं. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षं मी सांगलीत त्यांच्या हाताखाली काच फुंकत होतो. मेढ्याहून आलेल्या मला त्यांनी नळी कशी धरायची इथपासून शिकवलं, पहिल्या दिवाळीला घरी जेवायला नेलं. मी त्यांना बापाच्या जागी मानत होतो.

तेव्हा संस्थानच्या जुन्या बागेतल्या कारंज्यासाठी काचेचा वेल करायचं काम आलं. दोन पुरुष उंच वेल, पानं, कळ्या आणि शेंड्याला घागरीएवढं एक फूल. बघणाऱ्याची नजर आधी तिथंच जाणार. वस्ताद सगळ्यांसमोर म्हणाले, "वरचं फूल ह्यो फुंकंल. ह्याच्या छातीत लय दम हाय." त्या दिवशी मी हवेत होतो.

फूल मनासारखं उतरलं. सगळ्यांनी वाहवा केली, वस्ताद मात्र नुसते बघत राहिले. एवढी मोठी काच एकदम गार झाली तर तडकते, म्हणून ती मंद भट्टीत ठेवून दार मातीनं लिंपायचं आणि चार दिवस हात लावायचा नाही. लिंपणाऱ्यानं ओल्या मातीत आपला अंगठा उठवायचा, मध्ये कुणी दार उघडलं नाही याची ती खूण. मी अंगठा उठवला आणि निर्धास्त झालो.

चौथ्या दिवशी घाईघाईनं छिन्नीनं माती फोडली. फूल मधोमध तडकलं होतं. मी तिथंच रडलो. वस्तादांनी पाठीवरून हात फिरवला आणि स्वतः फुंकून ठेवलेलं जादाचं फूल शेंड्यासाठी काढून दिलं.

खाली पडलेली माती मीच झाडली. ठशाचा तुकडा हाताला लागला. ठसा माझा नव्हता. त्यावर आडवा व्रण होता, तरुणपणी भाजलेल्या वस्तादांच्या अंगठ्यावर होता तसाच. वस्तादांनीच मध्ये दार उघडून गार वारा आत सोडला, पुन्हा लिंपलं आणि जन्माच्या सवयीनं अंगठाही उठवून टाकला! घात करतानाही रीत चुकली नाही.

बागेत वेल उभा राहिला. लोक माना वर करून फूल बघत होते. वस्ताद माझ्या कानाशी म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगंस गड्या. फुडच्या येळी तू."

मी खिशातला तुकडा त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी ठशावरच्या व्रणावरून अंगठा फिरवला.

"आवं, नुसतं मागितलं असतं तरी म्या शेंड्याची जागा सोडली असती की," मी म्हणालो.

मान वर न करता ते म्हणाले, "त्येच नगं हुतं मला. तुझ्याकडनं मागून घ्याचं."